दहा नव्या माना

उशी ही विकायची वस्तू नाही, ती सांगायची गोष्ट आहे, असं नणंदेनं फोनवर सांगितलं, तेव्हा सूनबाईच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात चिमणीचा डावा पाय होता आणि उरलेली चिमणी कापसाच्या ढिगात उलटी गेली होती. थोर विचार ऐकायला ही वेळ काही फार चांगली नव्हे. तरी सूनबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला घरीदारी सगळे सूनबाईच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. चिमणी म्हणजे तिची दीड वर्षांची लेक, आणि कापसाचा ढीग म्हणजे सासऱ्यांच्या उशांच्या दुकानातला. नणंद परगावी जाहिरातीच्या कंपनीत होती. लोकांच्या हातातल्या फोनमधून लोकांना साबण आणि बँका विकणं हे तिचं काम, आणि ते ती इतकं मनापासून करी की घरच्यांशी बोलतानाही मधूनच ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हणून सगळं पहिल्यापासून सांगे.

सूनबाईला हा विचार एवढा भिडायचं कारण आदल्या दिवशीच्या जेवणात होतं. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, भाजी वाढून घेता घेता सांगितलं की महिनाअखेर दुकान बंद. शेजारच्या दाताच्या डॉक्टरांना जागा हवी आहे. त्यांचे पेशंट गाल धरून जिन्यात उभे राहतात, ते काही बरं दिसत नाही. आणि आपल्याकडे तीन महिन्यांत एक नवी मान आलेली नाही.

बाबा गिऱ्हाइकं मोजत नसत, माना मोजत. मान पाहिल्याशिवाय उशी द्यायची नाही, हा दुकानाचा नियम. गिऱ्हाइकाला दारातल्या बाकावर आडवं करायचं, मानेखाली हात घालायचा, डोळे मिटायचे (बाबांनी, गिऱ्हाइकानं नव्हे), आणि थोड्या वेळानं ‘साडेतीन बोटं’ किंवा ‘सव्वाचार, उजवीकडे भरीव’ असा निकाल द्यायचा. मग तेवढा कापूस भरून, दाभणानं तोंड शिवून, त्याच उशीवर त्याच बाकावर दहा मिनिटं निजवायचं. उठल्यावर गिऱ्हाईक ‘बरी आहे’ म्हणालं, की बाबा उशी उसवायला घेत. बरी त्यांना चालत नसे. एवढा खटाटोप कुणाला हवाय? लोक मॉलमधून फोमची उशी आणत. ती पिशवीत दाबून बसवलेली असे आणि घरी आल्यावर आपोआप फुगे. आपोआप फुगणाऱ्या कशावरही डोकं ठेवू नये, असं बाबांचं मत होतं, आणि ते त्यांनी राजकारणालाही लावून पाहिलं होतं.

तर दुकान बंद. नवऱ्यानं मान डोलावली. त्याला लहानपणापासून कापसानं शिंका येत. एकदा बाबांनी त्याला मान मोजायचा हात शिकवायला घेतलं, तर ऐन मोजणीत त्यानं अशी काही शिंक दिली, की दचकून गिऱ्हाइकाची जीभ चावली गेली आणि ते उठून थेट शेजारी दाताच्या डॉक्टरांकडे गेलं. त्या दिवसापासून त्याचं शिक्षण संपलं. सूनबाईनं मात्र तोंडातला घास गिळला आणि काही विचार करायच्या आत बोलून गेली, “महिनाभर थांबा बाबा. दहा नव्या माना आणते.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग भाजीकडे बघितलं. म्हणाले, दहा आल्या तर डॉक्टरांना नाही म्हणतो. न आल्या तर तीस तारखेला चार वाजता ते टेप घेऊन जागा मोजायला येतील, तेव्हा मध्ये बोलायचं नाही.

आता ती असं का बोलली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. चिमणी झाल्यावर तिनं ऑफिस सोडलं होतं. घरात पोर झोपत नसे. उशांच्या दुकानदाराची नात झोपत नाही ही बातमी बाहेर जाऊ नये म्हणून सगळे जपत. तिला घेऊन ती दुपारी दुकानात येऊन बसे. झाडलोट करी, अभ्रे मोजी, फोन घेई. पण डोळा सगळा बाबांच्या हातांवर. अनोळखी माणसाच्या मानेखाली तो हात जाई, आणि कपाळाला आठ्या घालून आलेल्या त्या माणसाचं कपाळ हळूहळू मोकळं होई. हे आपल्याला यायला हवं, असं तिला फार वाटे. विचारायचं मात्र कधी झालं नाही. सासऱ्यांना काय विचारायचं, की मला लोकांच्या माना धरायला शिकवा?

असो. नणंदेनं कामाला सुरुवात केली. पहिल्यांदा म्हणे ब्रँड पाहिजे. ब्रँड म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं. आपण समोर नसताना लोक आपल्याबद्दल जे बोलतात तो ब्रँड, असं नणंद म्हणाली. मग तो आपला आहेच, बाबा म्हणाले, चाळीस वर्षं शेजारी बोलतायत. नाव ठरलं ‘उशीघर’. पेज निघालं. आता फोटो.

उशीचा फोटो काढून पाहिलाय कुणी? पांढऱ्या चादरीवर पांढरी उशी ठेवून सूनबाईनं चाळीस फोटो काढले, आणि चाळीसही फोटोंत फोन बिघडल्यासारखा दिसत होता. सल्ले द्यायला माणसं जमलीच. वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, उशीवर कुणीतरी देखणं माणूस झोपव, आणि स्वतःचे केस सारखे करू लागल्या. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क काका राहत. त्यांचं म्हणणं, फोटो कशाला, सूचना लिहावी: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’. नवरा म्हणाला, ड्रोननं वरून घेऊ. छत होतं, ही अडचण त्यानं नंतर मान्य केली. शेवटी चिमणीला उशीवर ठेवून काढायचं ठरलं. निजलेलं बाळ कुणाला आवडत नाही? पण निजणार असेल तर ती चिमणी कसली. दीड तास अंगाई झाली. काकू झोपल्या, काका पेंगले, नवरा घोरला, आणि अखेर जो फोटो पेजवर गेला त्यात चिमणी उशीवर उभी राहून दोन्ही हात वर करून जगाकडे बघत होती. खाली सूनबाईनं लिहिलं: ‘हिलासुद्धा आवडते.’ चार लाइक आले. त्यातले तीन घरातले, चौथा चुकून लागलेला. त्या माणसानं तसं कळवलं.

नणंद म्हणाली, घाबरू नकोस. रीच कमी आहे. थोडे पैसे भरून जाहिरात चालव, टार्गेट ऑडियन्स निवड. नकाशावर एक गोल असतो. तो आपल्या गावावर ठेवायचा, की गोलातल्या सगळ्यांच्या फोनवर आपली उशी. सूनबाईला ही कल्पना इतकी आवडली की तिनं श्वास रोखून गोल बरोबर दुकानावर आणून ठेवला, पैसे भरले आणि बटण दाबायच्या क्षणी चिमणीनं फोनवरून बोट फिरवलं. गोल सरकला. बटण दाबलं गेलं.

दोन दिवसांनी कळलं की उशीघराची जाहिरात भर समुद्रात चालू आहे.

आसपास जमीन नव्हती. अकरा जणांनी जाहिरात पाहिली होती. ते एका मालवाहू जहाजावरचे खलाशी असावेत. सूनबाईला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात अकरांपैकी एकाची कमेंट दिसली. तो जहाजावरचा स्वयंपाकी होता. त्यानं विचारलं होतं, बोट हलते तेव्हा डोकं उशीवरून घसरतं, सकाळी मान धरते, यावर तुमच्याकडे काही आहे का?

तिनं बाबांना वाचून दाखवलं. आता हे हसतील, असं तिला वाटलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, “बोट कोणत्या अंगाला जास्त कलते, ते लिहिलंय का?”

नव्हतं लिहिलेलं. मग त्याला विचार, म्हणाले. आणि सांगायला लागले. चिमणीला काखेत धरून सूनबाई एका अंगठ्यानं लिहीत गेली. ‘स. न. वि. वि. आपले पत्र पावले. आपण पाठीवर निजता की कुशीवर? कुशीवर असल्यास डोके बोटीच्या नाकाकडे करता की शेपटाकडे? आधी डोके-पाय बदलून पाहावे. उशी बदलण्याची घाई करू नये. दोन्ही कडा भरीव व मधोमध खळगा असलेली उशी आपणांस लागेल, परंतु मान पाहिल्याशिवाय ती देता येत नाही, क्षमस्व. किनाऱ्यावर उतरल्यावर यावे. स्वयंपाकात वाकून उभे राहत असाल तर ओट्यावर पाट घ्यावा. आपला.’ हे सगळ्या जगाला दिसतंय, असं सूनबाईनं बाबांना सांगितलं. दिसू दे, ते म्हणाले, मानेत लपवण्यासारखं काय असतं?

स्वयंपाक्यानं डोकं-पाय बदलले. चौथ्या दिवशी त्यानं मान सुटल्याचं उत्तर लिहिलं आणि ते उत्तर त्यानं जहाजावरच्या, घरच्या, सासुरवाडीच्या आणि बहुधा येणाऱ्या प्रत्येक बंदरावरच्या माणसाला पाठवलं. कारण पाचव्या दिवशी सूनबाईनं फोन उघडला, तर तो हातात थरथरत होता. दोनशे नऊ कमेंट. माझी मान. माझ्या आईची मान. आमच्या ह्यांची मान.

मग काय विचारता. बाबा सकाळी नऊला दुकान उघडून, कापूस बाजूला सारून, हात मागे बांधून येरझारा घालत सांगत, आणि सूनबाई लिहून घेई. प्रत्येकाला स. न. वि. वि., प्रत्येकाला क्षमस्व. एका बाईला त्यांनी कळवलं, की ‘फोटोत आपल्या यजमानांची मान आखूड दिसते, त्यांची उशी तुम्ही वापरता हेच तुमचे दुखणे. उशा अदलाबदल कराव्यात.’ यजमानांनी खाली लिहिलं, मान आखूड नाही, कॉलर उंच आहे. त्यावर एकतीस जणांनी मतं दिली. दुसऱ्या एका गृहस्थाला बाबांनी लिहिलं, ‘आपणांस उशीची नव्हे, रजेची गरज आहे.’ हे त्याच्या साहेबांनी लाइक केलं आणि त्याला चार दिवस रजा मिळाली. तिसऱ्याला म्हणाले, तुमची जुनी उशी झकास आहे, फक्त उन्हात टाका. नणंदेचा फोन आला. तिचा आवाज चिरकत होता. एंगेजमेंट, एंगेजमेंट, असं ती नुसतं म्हणत राहिली. तिच्या कंपनीनं एका साबणासाठी वर्षभर धडपडून जे कमावलं नव्हतं, ते तिच्या बापानं पंधरा दिवसांत क्षमस्व म्हणून कमावलं होतं.

फक्त उशी एकही खपली नव्हती.

खपणार कशी? लोक मागत होते, बाबा नाही म्हणत होते. फोटोतली मान ही मान नव्हे. सूनबाईनं हात जोडले, नणंदेनं महिन्याच्या टार्गेटची आठवण दिली, काकूंनी शपथ घातली. महिन्याची वीस तारीख उलटली होती. कामापुरता चेहरा हसरा ठेवून डॉक्टर रोज दारावरून जात आणि जाताना चौकटीची उंची नजरेनं मापून घेत.

तेवढ्यात सूनबाईला सुचलं. चिमणीला भिंतीशी उभं करून तिची उंची पेन्सिलीनं आखताना सुचलं. माणसानं भिंतीला पाठ टेकून सरळ उभं राहायचं आणि डोकं आपसूक राहील तिथं राहू द्यायचं. भिंत आणि डोकं यांच्यामध्ये घरातली पुस्तकं एकेक करून सारायची. डोकं पुढे ढकललं न जाता जेवढी मावतील, तेवढी त्याची मान. ती थप्पी बोटांनी मोजायची. बोटं प्रत्येकाची निराळी, म्हणून थप्पीवर बोटं ठेवलेला फोटो पाठवायचा, आणि मानेचा एक, बाजूनं घेतलेला.

बाबांनी हे तीनदा ऐकून घेतलं. स्वतः भिंतीशी उभे राहिले नाहीत, पण काकूंना उभं केलं, थप्पी घातली, मग बाकावर निजवून हातानं मोजलं. अर्ध्या बोटाचा फरक. त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं. मग म्हणाले, “ठीक. अशी मान मी अर्धी धरीन.”

म्हणजे दहाच्या जागी वीस लागणार. लागू देत. सूनबाई हवेत होती. तिनं चिमणीला भिंतीशी उभं करून, काकूंच्या दुकानातल्या वह्या डोक्यामागे सारून व्हिडिओ केला. चिमणीनं शेवटची वही खाल्ली, त्यामुळे तो आणखी चालला. चार दिवसांत पेज मानांनी भरून गेलं. लांब माना, गोऱ्या, सुरकुतलेल्या, तीळ असलेल्या, घामेजलेल्या; आणि थप्प्यांवर ठेवलेली बोटं. बाबा भिंग घेऊन बघत आणि सूनबाईला विचारत, ह्याची किती म्हणशील? ती म्हणे, साडेतीन. ते म्हणत, हं. कधी म्हणत, नीट बघ. सत्तावीस तारखेला सव्वीस माना पक्क्या झाल्या, म्हणजे बाबांच्या हिशोबानं तेरा. मापं, पत्ते, सगळं पेजच्या निरोपांमध्ये. वहीत उतरवून घे, असं हेडक्लार्क काका म्हणाले होते. महिनाभरातला हा एकच उपयोगी सल्ला, म्हणूनच तो कुणी ऐकला नाही.

अठ्ठावीस तारखेला सकाळी पेज उघडेना. पाटी आली होती: ‘या पेजवर मोठ्या संख्येने माना आढळल्या. एकही चेहरा आढळला नाही. पेज चालवणारी व्यक्ती खरी असल्याचे सिद्ध करा.’

सूनबाई मटकन खाली बसली, पण कापसावर. लागलं काहीच नाही, म्हणून रडताही येईना. नियम वाचले. दोन गोष्टी हव्या होत्या. एक, दुकानाचा परवाना. दोन, ज्याच्या नावानं पेज आहे त्या मालकाचा, म्हणजे बाबांचा, जिवंत चेहरा. फोन सांगेल तसा वळवून दाखवायचा.

परवान्यावर नाव होतं ‘कापूसकाम, गाद्या व उशा’, पेजवर ‘उशीघर’. दोन्ही एकच, असा शिक्का हवा. एकोणतीसला चिमणीला काखोटीला मारून ती कचेरीत गेली. तीन नंबरच्या खिडकीनं पाचकडे पाठवलं, पाचनं विचारलं, तीनकडे का नाही गेलात. तीनमधल्या बाई खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून एकाच वेळी बोलत, लिहीत आणि नकार देत होत्या. उशीघर असा धंद्याचा प्रकार यादीत नाही, म्हणाल्या. घर आहे, उशी आहे, दोन्ही मिळून नाही. सूनबाई त्यांच्याकडे बघत होती. मग न राहवून बोलली, “बाई, तुम्ही उजव्या कुशीवर निजता ना? आणि उशी दुमडून घेता.” बाईंनी फोन खाली ठेवला. तुम्हाला कुणी सांगितलं, असं हळूच विचारलं. मागे रांग वाढत गेली, बाई वळून, वाकून मान दाखवत राहिल्या, आणि शिक्का बसला. जरा जोरातच बसला.

शिक्क्यापेक्षा दुसरीच गोष्ट घेऊन सूनबाई उड्या मारत घरी आली. तिनं बघून सांगितलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. हे कुणाला सांगावं तेच तिला कळेना. शेवटी तिनं ते चिमणीला सांगितलं, दोनदा.

तीस तारीख. दुपारी तीन. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले आणि स्टुलावर बसले. समोर कापसाच्या पेटीवर फोन उभा. मागे नवरा (नाकाला रुमाल लावून), काकू, काका. फोनमधली बाई फार अदबशीर होती. चेहरा चौकटीत ठेवा, म्हणाली. ठेवला. उजवीकडे वळा. वळले. वर पाहा. पाहिलं. डावीकडे वळा.

बाबा सगळेच्या सगळे वळले. मान, खांदे, कंबर, स्टूल. चेहरा चौकटीबाहेर गेला, पुन्हा प्रयत्न करा, असं बाई म्हणाली. पुन्हा केला. पुन्हा स्टूल वळलं. काकूंनी स्टूल धरलं, तर बाबा नुसते डोळे वळवून बसले. नवरा म्हणाला, तुम्ही बसा, मी फोन फिरवतो. त्यानं फिरवला, आणि बाईला चौकटीत हेडक्लार्क काका सापडले. त्यांनी घाईघाईनं नमस्कार केला. चार प्रयत्न झाले. आज आणखी एकच प्रयत्न शिल्लक आहे, असं बाईनं त्याच अदबीनं सांगितलं.

घड्याळात साडेतीन वाजायला आले होते. सूनबाई बाबांच्या मानेकडे बघत होती. महिनाभर तिनं परक्यांच्या माना पाहिल्या, आणि ही, रोज जेवताना समोर असणारी, कधी पाहिलीच नव्हती. डावा खांदा कानाकडे चढलेला. मान खुंटीसारखी.

“बाबा, तुम्ही उशी कोणती घेता?”

नवऱ्यानं रुमालातून सांगितलं, बाबा उशी घेत नाहीत. सतरंजीची घडी घेतात. कधीपासून? मला कळतंय तेव्हापासून.

“मला मोजणार कोण?” बाबा म्हणाले. म्हणाले म्हणजे अगदी साधेपणानं, हवापाण्याचं बोलावं तसं. “आपल्या मानेखाली आपला हात घालून बोटं धरता येत नाहीत. दोनदा करून पाहिलंय.”

आणि सूनबाईला महिनाभराचा सगळा उलगडा झाला. डॉक्टरांच्या जिन्यातले पेशंट, तीन महिने न आलेल्या माना, मॉलमधला फोम, ही सगळी वरवरची कारणं होती. बाबांनंतर मान मोजायला दुसरा हात नाही, हे खरं कारण.

तिनं चिमणीला नवऱ्याकडे दिलं. हात धुतले, कोरडे केले, एकमेकांवर चोळून गरम केले. बाबा तसंच करीत. म्हणाली, “आडवे व्हा.”

नवरा शिंकायचा थांबला. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि बाकावर निजले.

तिनं मानेखाली हात घातला. केवढं जड असतं माणसाचं डोकं. चिमणीचं डोकं पहिल्यांदा तळहातावर घेतलं होतं, तेव्हा सगळा जीव हातात येऊन बसला होता; तसाच तो आत्ता येऊन बसला. डोळे कधी मिटले ते तिचं तिलाही कळलं नाही. बोटं आपोआप थांबली.

“पावणेचार,” ती म्हणाली.

“साडेतीन असेल.”

“पावणेचार. डावीकडे पाव बोट कमी.”

बाबा सुस्कारा सोडून म्हणाले, भर. तिनं कापूस मोकळा केला, मुठीमुठीनं भरला, कोपरे दाबले, एक मूठ काढली, अर्धी परत घातली. दाभण ओवलं. टाके काही सरळ पडले नाहीत. बाबांना ते दिसत होते, तरी त्यांनी चकार शब्द काढला नाही, यावरून त्यांना काय वाटत असेल ते समजावं. उशी मानेखाली गेली. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी देऊळ उघडायची वाट बघावी तसे.

चार वाजायला पाच मिनिटं असताना, उठवायला नको म्हणून, सूनबाईनं फोन तसाच बाकावर धरला आणि शेवटचा प्रयत्न सुरू केला. चेहरा चौकटीत ठेवा. होताच. उजवीकडे वळा. बाबा डोळे किलकिले करून वळले. वर पाहा. पाहिलं. डावीकडे वळा.

बाबा हलेनात.

“येऊ का?” दारातून आवाज आला. डॉक्टर होते. हातात टेप. पाच मिनिटं आधीच आलेले. बाकाच्या डाव्या अंगाला दार होतं.

बाबांनी मान वळवली. नुसती मान. खांदा जागच्या जागी राहिला. फोन टिंग वाजला, त्यावर हिरवी खूण उमटली आणि मग सव्वीसच्या सव्वीस माना, शिवाय नव्या, शिवाय त्यांच्या आया आणि यजमान, टिंग टिंग टिंग करत दुकानात शिरल्या. काकूंनी काकांचा दंड इतका घट्ट धरला की काका ‘उक्त व्यक्तीस’ असं काहीतरी पुटपुटले.

डॉक्टरांनी टेपचं टोक ओढलं. म्हणाले, “बाबा, उठता ना? मोजून घेऊ म्हणतो.”

बाबा उठले नाहीत. उशीवरून मान न उचलता, डावीकडे वळलेलीच ठेवून म्हणाले, “माझ्याकडे काय बघताय डॉक्टर? मी गिऱ्हाईक आहे. दुकान यांचं. यांना विचारा.”

सात वर्षांत बाबांनी सूनबाईला अगं-तूगं सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. डॉक्टर तिच्याकडे वळले. केसांत कापूस, कपाळावर घाम आणि दातांत आडवं धरलेलं दाभण. ते आधी कळवळून एवढंच म्हणाले, की वहिनी, ते दातात नका धरू.

सूनबाईनं दाभण काढलं. बोलायला तोंड मोकळं झालं. मग तिनं घड्याळाकडे बघितलं.

“डॉक्टर, यांची दहा मिनिटं पुरी व्हायला अजून चार आहेत,” ती म्हणाली. “तो टेप गुंडाळा, आवाज होतो त्याचा. आणि बाहेर थांबा.”